उरलेला माल वेळेवर उचला

व्यापारी बंधूंनो, कापड पडून राहिले तर भाव उतरतो, पण माल टिकतो. ब्रेड, दूध, भाजीला ही सवलत नाही. कोणी आजारी पडले तर आपले नाव येईल, या भीतीने दुकानदार चांगला मालही फेकून देतो. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीतील मार्टमधला असा माल गरजूंपर्यंत न्यायचा असेल तर दया पुरत नाही, व्यवस्था लागते.

नमुना जवळच आहे. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. सभासदाने घरून दोन ताज्या पोळ्या व भाजी आणायची, गरजूने येऊन न्यायची. देणारा ठरलेला, जागा ठरलेली.

दुकानाच्या मालाला कायदाही आहे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले. फ्रान्सने तर २०१६ मध्येच मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगा माल नष्ट करण्यास मनाई केली.

स्वयंसेवकांनी तीन गोष्टी पाळाव्यात :

१) मुदत संपण्यापूर्वी, रोज ठरल्या वेळी माल उचलावा. मुदत संपलेला माल घेऊच नये.

२) तारीख, वजन, कोणी दिले, कोठे गेले, हे वहीत लिहून दुकानदाराची सही घ्यावी.

३) जे आपल्या मुलाच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.

वही चोख असली की देणाऱ्याची भीती जाते आणि घेणाऱ्याची इज्जत राहते.