पेडल स्टील गिटारच्या तारा बदलताना

पेडल स्टील गिटारच्या तारा बदलण्याचे काम साध्या गिटारच्या कारागिराकडे डोळे झाकून सोपवणे धोक्याचे आहे, कारण या वाद्यात तार केवळ वाजत नाही, तर वाजता वाजता ताणली आणि सैल केली जाते. वादक डाव्या हातातील पोलादी बार तारांवर फिरवतो आणि त्याच वेळी पायाने पेडल व गुडघ्याने दांड्या दाबून ठरावीक तारांचे स्वर बदलतो. वेब पिअर्स यांच्या १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर सरकवला, आणि तेव्हापासून नॅशव्हिलच्या कंट्री संगीताला ही सरक हवीशी झाली. अशी सरक नेमक्या स्वरावर थांबली नाही, तर वाद्य बेसूरच ठरते.

स्वर बदलणाऱ्या यंत्रणेला चेंजर म्हणतात. साध्या गिटारची घोडी स्थिर असते. येथे तिच्या जागी प्रत्येक तारेसाठी वरून गोलाकार असे धातूचे स्वतंत्र बोट असते, तारेच्या टोकाचा मणी त्या बोटाच्या खिळीत अडकवलेला असतो, आणि पेडल दाबताच खालच्या सळया ते बोट फिरवतात. वरून बारीक तार गुंडाळलेल्या तारेत ताण पेलणारा गाभा वजनाच्या मानाने बारीक असल्यामुळे, तेवढाच स्वर चढवण्यासाठी तिच्या बोटाला साध्या पोलादी तारेच्या बोटापेक्षा अधिक सरकावे लागते. म्हणून दहा तारांच्या ई-नाइन जुळणीत सहाव्या जागी ०.०२० इंच जाडीची साधी तार लावायची की ०.०२२ इंचांची गुंडाळलेली, हे चेंजर कोणत्या तारेसाठी बसवलेला आहे ते पाहूनच ठरवावे लागते.

प्रस्तुत लेखकाचे वाद्य ज्या दुकानात दिले होते, तेथे सहावी तार साधी हवी हे जाडीच्या आकड्यासह चिठ्ठीवर लिहून दिलेले होते. तरीही कारागिराने दहाही तारा एकदम उतरवल्या, संचात आलेली गुंडाळलेली सहावी तार चढवली आणि मोकळ्या तारांचे स्वर ट्यूनरवर बरोबर दिसताच वाद्य परत केले. मोकळ्या तारांवर हा दोष दिसणे शक्यच नव्हते. बी पेडल तिसरी आणि सहावी या दोन्ही तारा जी शार्पवरून ए या स्वरावर नेते, आणि दोहोंत एका सप्तकाचे अंतर असल्यामुळे एकीची चूक दुसरीजवळ लगेच उघडी पडते. पेडल दाबल्यावर तिसरी तार ए वर पोचली, सहावी खालीच अडकली, आणि दोहोंच्या स्वरांतली थरथर ऐकताच ती चिठ्ठी कोणी वाचलीच नव्हती हे कळून चुकले.

त्यानंतरचे दुकानाचे वागणे अधिक क्लेशदायक होते. आधी वादकाचा पाय पेडलवर पुरता पडत नसल्याचे सांगण्यात आले, मग वाद्य जुने झाल्याचे. शेवटी चेंजरच्या टोकाचा, पेडलचा स्वर जुळवणारा नायलॉनचा नट इतका आवळला गेला की पेडल सोडल्यावरही बोट मूळ जागी टेकेना आणि मोकळी तारच चढी बोलू लागली. मजुरी मात्र पुरती घेतली गेली. साधी तार लावून नट पूर्ववत केल्यावर त्याच वाद्याने, त्याच पायाखाली, ए अचूक दिला. यापेक्षा स्पष्ट निर्वाळा दुसरा असू शकत नाही.

शक्यतो हे काम वादकाने स्वतःच शिकून घ्यावे. दहा तारांचा एकत्रित ताण शंभर किलोंहून अधिक असतो, तो एकदम काढल्यास बोटे आणि सळया सैल पडतात, म्हणून एका वेळी एकच तार बदलावी. मणी खिळीत अडकवल्यावर तार बोटाच्या मधोमध बसली आहे हे पाहावे आणि खुंटी पिळताना दुसऱ्या हाताने ती सतत ताणून धरावी, नाहीतर मणी निसटतो. गुंडाळलेली तार आधी काटकोनात वाकवून मगच कापावी, म्हणजे वेटोळे सुटत नाही. ०.०११ इंचांची तिसरी तार सर्वांत लवकर तुटते, कारण बी पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर ती बोटावर त्याच ठिकाणी वाकते. ती वारंवार तुटत असेल तर बोटावर खाच पडली आहे का हे नखाने चाचपावे. नवी तार हलक्या हाताने ओढून बसवावी, मोकळा स्वर खुंटीवर आणि पेडलचा स्वर नायलॉनच्या नटावर, याच क्रमाने जुळवावा. वादनानंतर तारा पुसाव्यात आणि घाई करू नये, हे कोणत्याही तंतुवाद्याला लागू आहेच.

वाद्य दुकानात द्यावेच लागले, तर दहाही तारांच्या जाड्या पावतीवर लिहून घ्याव्यात आणि पैसे देण्यापूर्वी तिथेच बसून प्रत्येक पेडल व दांडी वाजवून पाहावी. बी पेडल कोणत्या तारा हलवते हे ज्या कारागिराला दाखवता येत नाही, त्याच्याकडे साध्या गिटारींची कितीही रीघ लागलेली असली, तरी हे वाद्य त्याच्या हाती देऊ नये.