नोकरी गेली, लीजचं काय?

मंडळी, लेऑफचं पत्र हाती पडलं की पहिला घोर लागतो तो घरभाड्याचा. एच-१बी व्हिसावर असाल, तर दुसरी नोकरी मिळवायला जास्तीत जास्त ६० दिवस. इकडे लीजचे मात्र आठ महिने बाकी. काहीजण घाबरून कुणाला न सांगता किल्ली ठेवून निघून जातात. तसं करू नका.

आपल्या न्यू जर्सीत नोकरी गेली म्हणून लीज आपोआप संपत नाही. पण रिकामं घर पुन्हा भाड्याने देण्याचा वाजवी प्रयत्न घरमालकाने केलाच पाहिजे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्या खटल्यातल्या भाडेकरूचं ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून घर नको असं त्याने पत्राने कळवलं. मालकाने आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि त्याच्याकडेच पूर्ण भाडं मागितलं. ते मिळालं नाही.

हिशोब पाहा. भाडं २,००० डॉलर, तर आठ महिन्यांचे १६,०००. घर दोन महिन्यांत त्याच भाड्याने गेलं, तर देणं ४,०००. शिवाय जाहिरातीसारखा खर्च. डिपॉझिट यातून वळतं होतं.

म्हणून लगेच लेखी कळवा, प्रत जपून ठेवा, बदली भाडेकरू सुचवा. तडजोड झाली तर सहीनिशी कागद घ्या.

आणि संकोच न करता मंडळाला सांगा. ते दोन महिने निभावून नेण्यासाठीच आम्ही हा मदतनिधी उभारतो आहोत. आपला हातभार लागू द्या!