फुरसत आणि शिस्त : स्पार्टाच्या निमित्ताने

सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणारा, चहा घेत वर्तमानपत्र चाळणारा आणि दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डुलकी काढणारा विद्यार्थी सहसा आळशी ठरतो. त्याच्यापुढे अनेकदा प्राचीन ग्रीसमधील स्पार्टाचा आदर्श ठेवला जातो. ही तुलना कितपत टिकते, ते प्रस्तुत घटकात पाहू.

स्पार्टात मुलगा सातव्या वर्षी घर सोडून राज्याच्या शिक्षणव्यवस्थेत दाखल होई. तिला 'आगोगे' म्हणत. प्लुटार्कच्या वर्णनानुसार, बाराव्या वर्षानंतर मुलांना वर्षाला एकच वस्त्र मिळे. नदीकाठचे बोरू हातांनी मोडून ती आपले अंथरूण तयार करीत. अन्न मुद्दाम अपुरे दिले जाई. ते चोरण्यास मुभा होती. पकडले जाणाऱ्यास मात्र फटके बसत. अक्षरज्ञान कामापुरतेच दिले जाई.

परंतु तोच प्लुटार्क नमूद करतो, की स्पार्टाच्या नागरिकांना फुरसत विपुल होती. कारण त्यांची शेती 'हेलॉट' हे पराधीन लोक कसत. म्हणजेच ही शिस्त दुसऱ्यांच्या श्रमांवर उभी होती. अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप याहून वेगळा आहे : स्पार्टाने नागरिकांना युद्ध शिकवले, फुरसतीचा उपयोग शिकवला नाही, म्हणून सत्ता हाती येताच ते राज्य ढासळले. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्रा येथे थीब्जच्या सैन्याने स्पार्टाचा निर्णायक पराभव केला.

येथे शब्दाची व्युत्पत्ती उद्बोधक ठरते. मराठीत रुळलेला 'स्कूल' हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक 'स्खोले' या शब्दापर्यंत जातो. त्याचा मूळ अर्थ 'फुरसत' असा आहे. पुढे फुरसतीत होणारी चर्चा आणि अखेरीस चर्चेचे स्थान, असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीतही 'सवड' आणि 'रिकामपण' यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. सवड काढावी लागते. रिकामपण वाट्याला येते. 'रिकामटेकडा' या शब्दात तर निंदाच आहे.

नोकरी व घर सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. त्याची शिस्त सवड निर्माण करण्यासाठी असते. म्हणून एखाद्याचा निवांत दिवस पाहून लगेच निवाडा करू नये. त्या सवडीत काय घडते आणि ती कोणाच्या कष्टांतून मिळते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : 'सवड', 'फुरसत', 'विश्रांती' व 'आळस' या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.