डोंगरमाथ्यावरील उभा एरियल

सन 2019 च्या ऑगस्टांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेनें 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल नेली व पुण्याचा महामार्ग बंद पडला. सन 2021 च्या जुलैंत पुनः तोच प्रसंग आला. वीज गेली म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यांचाही भरंवसा धरतां येत नाहीं. अशा वेळीं बॅटरीवर चालणारें हौशी बिनतारी यंत्र, ज्यास हॅम रेडिओ म्हणतात, उपयोगी पडतें. भूजच्या 2001 मधील भूकंपांत हें दिसून आलें. परंतु एरियल वाईट असल्यास उत्तम यंत्रही मुकें होतें. म्हणून पाठीवरून नेण्याजोगा उभा एरियल कसा जुळवावा, हें आम्ही येथें सांगतों.

बिनतारी लहरीचा वेग प्रकाशाइतकाच असतो. 300 या आंकड्यास मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येनें भागिलें कीं लहरीची लांबी मीटरांत मिळते. 7.1 मेगाहर्ट्झला ती सुमारें 42 मीटर येते. उभ्या एरियलास तिचा चौथा हिस्सा पुरतो. त्यांतून शेंकडा पांच वजा केले तरी 10 मीटर तार उभी धरावी लागते. एवढी काठी डोंगरावर कोण नेणार? म्हणून आंखूड दांडी घेऊन तिच्या मध्यावर तारेचें वेटोळें बसवितात व लांबीची उणीव भरून काढतात.

आम्हीं असाच अडीच मीटरांचा एरियल जोतिबाच्या डोंगराजवळील एका खडकाळ माळावर उभा केला. केबलचें आंतील टोंक दांडीस जोडलें. बाहेरील जाळी खडकाच्या फटींत ठोकलेल्या लोखंडी खुंटीस जोडली. एस्. डब्ल्यू. आर्. मीटरानें 1.1 दाखविलें. मुलांनीं टाळ्या पिटल्या. आमच्या परवानाधारक स्नेह्यांनीं तासभर हांका मारल्या; एकानेंही ओ दिली नाहीं.

कारण असें. एरियल हा निव्वळ दांडीचा नसतो. त्याचा दुसरा अर्धा भाग जमीन होय. दांडींत चढणारा प्रवाह जमिनींतून परत यावा लागतो, आणि कोरडा खडक त्यास मोठा विरोध करतो. आमच्या दांडीचा लहरी फेंकण्याचा खरा हिस्सा दोनतीन ओहमांचाच होता. बाकीचे चाळीसावर ओहम खडकांत व वेटोळ्यांत होते. बेरीज मात्र केबलच्या 50 ओहमांशीं जुळली, म्हणून मीटर संतुष्ट! शक्तीचा बहुतेक भाग खडक तापविण्यांत गेला. 50 ओहमांचा साधा रोधक डब्यांत घालून जोडला तरी तो मीटर 1 हाच आंकडा दाखवील, व आकाशांत कांहीं जाणार नाहीं.

मग आम्हीं खुंटी सोडून दांडीच्या बुडापासून पांच पांच मीटरांच्या सोळा तारा चोहोंकडे जमिनीवर पसरल्या. कांटा 2 वर चढला. मुलांचे चेहरे उतरले. पण तें सुचिन्ह होतें, कारण व्यर्थ जाणारा विरोध घटला होता. बुडाशीं लहानसें वेटोळें जोडून मेळ पुनः साधला, आणि अर्ध्या तासांत बंगळुरूहून उत्तर आलें.

जुळवितांना कंपनसंख्या फिरवून मीटरचा कांटा सर्वांत खालीं कोठें येतो तें पाहावें. इच्छित जागेच्या अलीकडे आला तर एरियल लांब आहे, वेटोळ्याचे वेढे कमी करावे. पलीकडे आला तर वाढवावे. दर वेळीं चार पावलें दूर होऊनच वाचावें. माणसाचें अंगही कांटा हलवितें.

उभ्या एरियलाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्याच्या लहरी क्षितिजाकडे झुकतात. जवळचीं गांवें त्या ओलांडून जातात. शिरोळ किंवा कागल गांठावयाचें तर उंचावरून 145 मेगाहर्ट्झ वापरावें. तेथें 49 सेंटिमीटरांची दांडी पुरते. पुण्यामुंबईसाठीं 7 मेगाहर्ट्झवर कमी उंचीची आडवी तार बरी.

पालकांनीं दोन गोष्टींवर लक्ष ठेवावें. एरियल कोसळला तरी विजेच्या तारांस लागणार नाहीं इतकें अंतर असावें. आणि वळवाचा ढग दिसतांच तो उतरवावा. संदेश पाठविण्यास सरकारी परवाना लागतो. 1978 च्या नियमांत त्यासाठीं किमान वय 12 वर्षे ठरविलें होतें.

परततांना सोळांपैकीं एक तार गवतांत राहिली. पुढील खेपेस प्रत्येकीच्या टोंकास तांबडी चिंधी बांधण्याचें ठरलें आहे.