कीटकरोधक जाळीगृहाचे डिजिटल प्रतिमान : सांगाड्याइतकाच फटींचा विचार

पांढऱ्या माशीच्या वक्षाची रुंदी साधारण पाव मिलिमीटर असते. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० : २००७ या मानकानुसार १६ मि.मी. बोल्टसाठी १८ मि.मी. व्यासाचे छिद्र पाडतात. हे छिद्र वॉशरखाली झाकले जाते, हे खरे; परंतु अशा अनेक सांध्यांतील सैलपणामुळे दाराची चौकट किंचित तिरकी होते आणि उंबऱ्याशी फट राहते. अभियंत्याला ती नगण्य वाटते, कीटकाला ती वेशीएवढी असते. म्हणूनच जाळीगृहाच्या संगणकीय प्रतिमानात कीटकशास्त्रज्ञाचा सहभाग आराखड्याच्या टप्प्यापासूनच असावा, असे माझे मत आहे.

प्रतिमानाचा आरंभ खांबांच्या अक्षरेषांनी होतो. त्यांवर खांब, कैच्या, पर्लिन व गटर मांडून भार दिले जातात. आयएस ८७५ (भाग ३) मध्ये वाऱ्याचा मूलभूत वेग पुण्यासाठी ३९, नागपूरसाठी ४४ आणि चेन्नईसाठी ५० मीटर प्रतिसेकंद दिला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पुण्याच्या तुलनेत तो नागपूरला सुमारे २७, तर चेन्नईला ६४ टक्के अधिक भरतो. एका गावचा आराखडा दुसऱ्या गावी जसाच्या तसा उचलणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात यावे. शिवाय सूक्ष्म जाळी म्हणजे मोकळी जागा नव्हे. ती वारा अडवते. तारांवर चढवलेल्या टोमॅटो-काकडीचा भारही सांगाड्यावरच येतो.

जाळीची निवड सांगाड्याची उंची ठरवते. ४० मेशच्या जाळीत एका इंचात ४० छिद्रे, म्हणजे दोन धाग्यांच्या मध्यांतील अंतर ०.६३५ मि.मी. धागा ०.२३ मि.मी. धरल्यास छिद्र सुमारे ०.४ मि.मी. उरते, त्यातून पांढरी माशी शिरू शकते. ५० मेशमध्ये छिद्र ०.२८ मि.मी.पर्यंत येते, पण मोकळे क्षेत्रफळ ४१ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरते. तेवढीच हवा खेळण्यासाठी जाळीचे क्षेत्र सुमारे एक-तृतीयांशाने वाढवावे लागते. फुलकिडे याहूनही अरुंद असतात. त्यांच्यासाठी केवळ जाळीवर विसंबता येत नाही.

सांध्यांचे बारकावे मात्र प्रत्यक्ष मापाने रेखाटावेत. जाळी धरणारी प्रोफाइल व झिगझॅग स्प्रिंग, कोपऱ्यातील तिरक्या आधाराला जाळी जिथे अडते ती जागा, खांबाचा पाया, हे सारे प्रतिमानात दिसले पाहिजे. छिद्रांची स्थाने आधीच निश्चित झाल्यास ती कारखान्यात, जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी पाडता येतात. जागेवर वेल्डिंग केले की मुलामा जळतो आणि गंज तेथूनच सुरू होतो.

एका जाळीगृहात पर्णगुच्छ रोगाची पहिली झाडे दारालगतच्या ओळींत आढळल्याने मला पाहणीसाठी बोलावले होते. जाळी अखंड होती, दुहेरी दारेही होती. परंतु दोन दारांमधील कक्ष मालाच्या हातगाडीपेक्षा आखूड असल्याने गाडी नेताना दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहत. प्रतिमानात खांब, कैच्या, बोल्ट सर्व काही होते. हातगाडी तेवढी कोणी काढली नव्हती. आता आराखडा तपासताना मी प्रथम गाडीची लांबी विचारतो, तिच्यात दार उघडण्याचा घेर मिळवतो आणि मगच जाळीच्या मेशकडे वळतो.