माती बदलली की झाड बदलते

महाबळेश्वरची जांभळाची झाडे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. खाली कोकणात उंच वाढणारे हेच झाड वर जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत ठेंगणे, वेडेवाकडे राहते. आपण चटकन वाऱ्याला दोष देतो. पण यात मातीचा हात किती? हे तपासायचे तर हवापाणी सारखे आणि माती तेवढी वेगळी, अशी जागा हवी. ती हवाई बेटांवर मिळते.

तिथल्या डोंगरांवर वर्षातला बराच काळ ढगांत बुडालेली जंगले आहेत. त्यांना आपण मेघवने म्हणू. त्यांतले मुख्य झाड ओहिआ. ते जांभळाच्याच कुळातले, लालभडक केसरांच्या फुलांचे. (हे फूल तोडले तर पाऊस येतो, अशी तिथली समजूत आहे.) ही बेटे ज्वालामुखीतून एकामागून एक वर आली. त्यामुळे एकीकडे जमीन जेमतेम 300 वर्षांची, तर कौआई बेटावर सुमारे 41 लाख वर्षांची! स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पीटर व्हिटूसेक आणि सहकाऱ्यांनी साधारण 1200 मीटर उंचीवरची, वर्षाला सुमारे 2500 मिलिमीटर पावसाची ठिकाणे निवडली आणि झाडांना खत घालून पाहिले. कोवळ्या जमिनीवर नायट्रोजन दिल्यावर झाडे जोमाने वाढली. अतिजुन्या जमिनीवर फॉस्फरस दिल्यावर वाढली.

कारण सोपे आहे. लाव्हाच्या खडकात फॉस्फरस असतो, नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तो हवेतून, सूक्ष्म जिवांमार्फत, हळूहळू साठतो. उलट फॉस्फरस लाखो वर्षांच्या पावसात वाहून जातो आणि उरलेला लोह-ॲल्युमिनियमला असा चिकटतो की मुळांना मिळत नाही. मधल्या वयाची माती सर्वांत सकस. जुन्या मातीला थोडा फॉस्फरस मिळतो तो चक्क आशियातून वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीतून!

हा फरक पानांत उतरतो. निकस मातीतले झाड पानांच्या बाबतीत काटकसरी असते. पाने जाड, चिवट, कमी पोषणद्रव्यांची. अशी पाने गळली तरी लवकर कुजत नाहीत, म्हणून माती आणखी निकस राहते. कौआईच्या अलकाई पठारावर तर पाणी साचून मुळांना हवाच मिळत नाही. इतरत्र 20 मीटरपर्यंत जाणारा ओहिआ तिथल्या दलदलीत गुडघ्याएवढाही नसतो, आणि तरी फुलतो.

मात्र सारेच माती ठरवत नाही. वेगवेगळ्या उंचीवरच्या ओहिआंची रोपे एकाच बागेत वाढवली, तेव्हा काही फरक पुसट झाले, पण पानांवरची लव ज्याची त्याच्याकडे राहिली. ती वंशातूनच आलेली.

गेल्या दशकापासून हवाईत एका बुरशीने ओहिआची असंख्य झाडे वाळली आहेत. बुटांना लागलेल्या मातीतूनही ती पसरू शकते. म्हणून सुट्टीत तिकडे जाल तेव्हा जंगलवाटेच्या सुरुवातीला ठेवलेल्या ब्रशने बूट स्वच्छ घासा, मुलांचेही, आणि परततानाही.