गंमत कोणाची, घाव कोणाला?



हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षे एक ठरावीक ख्रिस्ती माणूस दिसत आला. गळ्यात क्रूस, हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी. तो पडद्यावर आला की सिनेमागृहात हशा पिकायचा आणि आपल्याला ते टोचायचे. 'आम्ही सगळे काय दारुडे आहोत?' हा आपला प्रश्न रास्तच आहे. पण लग्नाच्या मांडवात कोणी सरदारजीचा किंवा भैयाचा विनोद सांगितला, तर आपणच पोट धरून हसतो. कोणी हरकत घेतली तर म्हणतो, 'अहो, गंमत आहे ती. मनाला काय लावून घेता?'

विनोदाची जात एकच, मग मापे दोन का?

'आपले' आणि 'परके'

हेन्री ताशफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते. परतले तेव्हा घरचे बहुतेक लोक मारले गेले होते. माणूस गटागटांत का विभागला जातो, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर अभ्यासला. 1970 च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर प्रयोग केले. एका प्रयोगात मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि आवडीप्रमाणे तुमचे दोन गट केले आहेत, असे सांगितले. खरे तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. नंतर मुलांना इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नसताना मुलांनी 'आपल्यांना' झुकते माप दिले.

नाव नाही, ओळख नाही, भांडण नाही; तरी भेदभाव झाला. मग जात, भाषा, धर्म आणि गाव यांच्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या भिंती किती जाड असतील! आपल्या गटाला टोमणा बसला की तो अपमान वाटतो. परक्या गटाला बसला की आपण नकळत एक पायरी वर चढतो, आणि त्याचेच हसू येते.

हशा परवानगी देतो

'विनोदाने कोणाचे काय बिघडते?' असे विचारले जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पुरुषांना स्त्रियांना कमी लेखणारे विनोद वाचायला दिले आणि स्त्रियांच्या एका संस्थेला किती देणगी द्याल, असे विचारले. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी आधीच आकस होता, त्यांनी हात आखडता घेतला. साधे विनोद वाचल्यावर, किंवा तसाच स्त्रीविरोधी मजकूर गंभीर वाक्यांत वाचल्यावर, तसे घडले नाही.

म्हणजे विनोद चांगल्या माणसाला एका रात्रीत वाईट करत नाही. पण मनात दडलेल्या आकसाला तो म्हणतो, 'ये बाहेर, इथे सगळे चालते.' गंभीरपणे बोललेला अपमान आपण अडवतो; हसत आलेल्याला दार उघडून देतो.

कायदा आणि विवेक

सरदारजींवरील विनोदांना आळा घालावा, अशी याचिका 2015 साली एका शीख महिला वकिलाने सर्वोच्च न्यायालयात केली होती. शाळेत आपल्या मुलांची चेष्टा होते, हे त्यामागचे दुःख होते. लोकांनी कसे वागावे याचे नैतिक नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे न्यायालयाने 2017 साली सांगितले. दुसरीकडे खुशवंत सिंग यांनी स्वतः शीख असून आपल्याच समाजावरचे विनोद पुस्तकांत छापले. स्वतःला हसणे हा मनाचा मोठेपणा असतो. मात्र त्यांच्या हसण्याचा परवाना आपल्या खिशात येत नाही.

जिथे कायदा थांबतो तिथे विवेकाचे काम सुरू होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खेळीमेळीच्या विनोदाला सद्गुणात जागा दिली. पण समोरच्या माणसाला इतके क्षुल्लक समजणे की त्याचे दुःखही थट्टेचे वाटावे, हे त्यांनी शिवीगाळीपेक्षा गंभीर पाप मानले. शिवी देणारा निदान समोरच्याचे वाईट गांभीर्याने घेतो. थट्टा करणारा तेवढीही किंमत देत नाही.

योहानच्या शुभवर्तमानात (1:46) नथनेल नाझरेथ गावाला टोमणा मारतो. त्या गावातून काही चांगले निघेल का, असे तो विचारतो. फिलिप त्याच्याशी वाद घालत नाही. येऊन पाहा, एवढेच म्हणतो. पूर्वग्रहावर औषध हेच: जवळ जाऊन माणूस पाहणे. सामवेदी आणि वाडवळी बोलींची टिंगल असो वा परप्रांतीयांची, औषध तेच.

घरी विचार करण्यासाठी

1. ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस शेजारी बसलेला असता, तर मी तो सांगितला असता का?
2. 'ख्रिस्ती' हा शब्द त्यात घातला तर मला तितकेच हसू येईल का?
3. मुले आपल्या तोंडून कोणत्या समाजाचे नाव केवळ हसण्यासाठीच ऐकतात?

मांडवात हशा जरूर पिकू दे. फक्त त्या हशाची किंमत बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागू नये.

आपला,
धर्मगुरू